तिघांच्या नावावरचा भाडेकरार आणि त्यातून एकट्याने मध्येच निघणं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बाणेरला थ्री बीएचके फ्लॅट, तिघे मित्र, तिघांच्याही नावाने नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (जागा ठराविक काळ वापरायच्या परवानगीचा). मुदत २४ महिने, त्यात पहिले १२ महिने लॉक-इन (या काळात जागा सोडायची नाही), त्यानंतर एक महिन्याची नोटीस. भाडं ३६,०००, डिपॉझिट १,२०,०००, दोन्ही सारखं वाटून. सहा महिने झाले आणि तिघांपैकी एकाला बंगळुरूला नोकरी लागली, महिन्याभरात जायचंय. घरमालक म्हणतो, "तिघं राहा नाहीतर तिघं निघा, भाडं मला पूर्ण पाहिजे." जाणाऱ्याचं म्हणणं, "माझ्या वाट्याचे १२,००० मी सातव्या महिन्यापर्यंत देतो, माझे ४०,००० परत द्या, विषय संपला."

विषय तिथे संपत नाही, कारण "माझ्या वाट्याचे १२,०००" हा आकडा करारात कुठेच नाही. करारात ३६,००० आहेत आणि "लायसन्सी" (जागा वापरायला घेणारा) या एका शब्दामागे तीन नावं आहेत. वाटा हा तुम्ही तिघांनी आपसात ठरवला, मालकाशी नाही. भारतीय करार कायद्याचं (१८७२) कलम ४३ सांगतं की अनेकांनी मिळून दिलेलं वचन त्यांच्यापैकी कोणा एकाकडूनही पूर्ण वसूल करता येतं, करारात उलट काही लिहिलं नसेल तर. ज्याने पूर्ण भरलं त्याने बाकीच्यांकडून त्यांचा सारखा वाटा मागायचा. म्हणजे मागे राहिलेल्या दोघांनी उद्या भाडं थकवलं, तर मालक बंगळुरूच्या पत्त्यावर अख्ख्या ३६,००० ची मागणी पाठवू शकतो. सामान हलवल्याने यात काही फरक पडत नाही. नाव हलवावं लागतं.

आता कलम ४४. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि खरी गोम त्यातच आहे. मालकाने तुम्हाला लेखी मोकळं केलं, तरी बाकीचे दोघे सुटत नाहीत, आणि त्या दोघांप्रती असलेल्या जबाबदारीतून तुम्हीही सुटत नाही. मालकाचं "माझी काही हरकत नाही, जा" असं पत्र खिशात असलं तरी फ्लॅटमेट म्हणू शकतात की तू गेल्यामुळे तुझे १२,००० आम्ही पाच महिने भरले, ते दे. म्हणून सुटका दोन ठिकाणांहून लेखी घ्यायची: मालकाकडून आणि राहणाऱ्या दोघांकडून. एका कागदावर चौघांच्या सह्या झाल्या तर सर्वांत उत्तम.

काही करण्याआधी कराराची नोंदणीकृत प्रत उघडा. एजंटने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मसुदा नको, अंगठे आणि फोटो असलेली अंतिम प्रत बघा. तिघांची नावं खरोखर आहेत का, हे आधी. बरेचदा एकाचंच नाव असतं आणि बाकीचे "सोबत राहणारे" असतात. ज्याचं नाव नाही त्याचा मालकाशी करारच नाही, त्याचा हिशेब फक्त नाव असलेल्या मित्राशी. आणि ज्याचं एकट्याचं नाव आहे तोच निघत असेल, तर तो सर्वांत धोक्याच्या जागी उभा आहे. त्याने नवा करार झाल्याशिवाय घर सोडू नये.

मग लॉक-इनचं कलम. ऑनलाइन नोंदणीच्या नेहमीच्या मसुद्यात त्याचा आशय साधारण असा असतो: या काळात मालकाने जागा खाली करायला सांगायचं नाही, लायसन्सीने सोडायची नाही, आणि कोणत्याही कारणाने सोडली तरी उरलेल्या लॉक-इनचं भाडं द्यायचं. "कोणत्याही कारणाने" मध्ये नोकरी, बदली, लग्न, आजारपण सगळं आलं. बदली झाल्यास सूट, अशी वेगळी ओळ असेल तरच ती मिळते. त्याखाली नोटिशीचं कलम असतं. ते लॉक-इन संपल्यावर लागू होतं की आधीही, हे भाषेवरून नीट बघा. काही करारांत ही दोन कलमं एकमेकांना छेद देतात आणि तिथे बोलणी करायला जागा मिळते.

एकट्याने दिलेल्या नोटिशीचाही एक घोळ आहे. "लायसन्सी नोटीस देऊन जागा सोडू शकेल" यातला लायसन्सी म्हणजे तिघे मिळून. एकाची नोटीस मालक दुर्लक्षित करू शकतो, किंवा सोयीचं असेल तेव्हा "तुम्हीच नोटीस दिलीत, आता तिघेही निघा" असंही धरू शकतो. भाडी चढलेली असतील तर हा दुसरा प्रकार हमखास होतो. म्हणून आधी फ्लॅटमेटशी बोलणं, मग मालकाशी, आणि पत्रात "मी जागा सोडत आहे" ऐवजी "करारातून माझं नाव कमी करून त्या जागी दुसरी व्यक्ती घेण्याची विनंती" असं लिहायचं. विनंती, नोटीस नाही.

पैशांचा अंदाज कागदावर मांडा, म्हणजे बोलणी कोणत्या आकड्याभोवती होणार ते कळतं. सातव्या महिन्याअखेर निघालात तर लॉक-इनचे पाच महिने उरतात. मालकाची कागदोपत्री मागणी ५ × ३६,००० = १,८०,०००, त्यातला तुमचा वाटा ६०,०००. पण दोघे राहणारच आहेत आणि ३६,००० येतच राहणार आहेत, तर मालकाचं नुकसान शून्य. तिघेही निघालात तरी पूर्ण रक्कम त्याला आपोआप मिळत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद वि. बालकिशनदास खटल्यापासून हीच दिशा ठेवली आहे. शिवाय कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान टाळण्याचे हाताशी असलेले मार्ग विचारात घेतले जातात. दीड महिन्यात नवा भाडेकरू मिळाला तर भरपाईची चर्चा दीड महिन्याच्या आसपासच राहायला हवी.

हे सगळं खरं, पण डिपॉझिट मालकाच्या खात्यात आहे. त्याने कापून घेतलं तर नोटीस आणि दावा करत तुम्हालाच धावावं लागणार, तेही बंगळुरूहून. त्यामुळे कलम ७४ हे बोलणी करताना वापरायचं हत्यार आहे, त्याच्या भरवशावर घर सोडू नका.

रस्ते चारच आहेत: तुमच्या जागी नवा माणूस, दोघांनीच पूर्ण भाडं उचलणं, करार सर्वांनी मिळून रद्द करणं, किंवा लॉक-इन संपेपर्यंत दूर बसून १२,००० भरत राहणं. शेवटचा रस्ता ६०,००० चा आहे आणि तरी नाव अडकलेलंच राहतं. रद्द करणं तेव्हाच, जेव्हा बाकी दोघांनाही निघायचं असतं. दोघांनी १८,००० प्रत्येकी उचलणं सर्वांत सोपं दिसतं, पण दोन-तीन महिन्यांत कुरबुर सुरू होते आणि तोवर तुमचं नाव निघालं नसेल तर ती तुमच्यापर्यंत येते. बहुतेक वेळा पहिला रस्ताच बरा.

पण नवा माणूस म्हणजे चावी हातात देऊन आणून ठेवलेला माणूस नव्हे. लायसन्स ही वैयक्तिक परवानगी असते. सुविधाधिकार कायद्याप्रमाणे (१८८२) ती दुसऱ्याला परस्पर देता येत नाही, आणि बहुतेक करारांत पोटभाडेकरू ठेवायला वेगळी मनाई असते. मालकाला न सांगता आणलेला चौथा माणूस म्हणजे तिघांनी केलेला करारभंग, आणि त्यावरून करार संपवण्याचा मुद्दा मालकाच्या हाती आयता. भरीला सोसायटी आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते. ते काम मालकाचं, पण नाव नसलेला माणूस सापडला की चौकशी घरात राहणाऱ्यांचीच होते.

माणूस शोधणं जाणाऱ्याचं काम, हा सर्वत्र मान्य असलेला रिवाज. त्याला निवडणं राहणाऱ्यांचं. इथेच गाडी अडते, कारण राहणाऱ्यांना घाई नसते. खोली रिकामी असली तरी भाडं जाणाराच भरतोय. म्हणून पहिल्याच आठवड्यात तिघांनी लेखी ठरवा (मेसेजही चालेल): जाणारा आपला वाटा खोली भरेपर्यंत किंवा लॉक-इन संपेपर्यंत, जे आधी होईल तोवर देईल, राहणारे फार तर दोन योग्य उमेदवार नाकारू शकतात, तिसऱ्यालाही नाकारलं तर त्या महिन्यापासून रिकाम्या खोलीचं भाडं त्यांच्यावर. "योग्य" म्हणजे काय तेही तिथेच लिहा: नोकरी करणारा, कंपनीचं ओळखपत्र, आधार, सिगारेट-दारू-पाळीव प्राणी याबद्दल तुमच्या घराचे जे काही नियम असतील ते. ब्रोकर लावला तर दलाली कोणाची, हेही. नव्या माणसाच्या गळ्यात ती घालायचा प्रयत्न केला की खोली भरायला आणखी एक महिना जातो. एवढ्यासाठी ताणू नये.

मालकापुढे नेलेला प्रत्येक उमेदवार ईमेलवर न्या: नाव, कुठे काम करतो, कधीपासून येऊ शकतो. त्याने सबळ कारण न देता दोन-तीन चांगले उमेदवार नाकारले आणि नंतर पाच महिन्यांचं भाडं मागितलं, तर त्या ईमेलच त्याची मागणी लंगडी करतात. तोंडी बोलण्याला इथे काही किंमत नाही.

माणूस ठरला की कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या (१९९९) कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. ती जबाबदारी मालकाची आहे आणि चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणीकृत करारात पेनाने नाव खोडून दुसरं लिहिता येत नाही, आणि ५०० च्या स्टॅम्पपेपरवर "पुरवणी" करून घेतलेलं काम अर्धंच राहतं. सरळ मार्ग असा: जुना करार अमुक तारखेला सर्वांच्या संमतीने संपवल्याचा कागद, आणि दुसऱ्याच दिवसापासून नव्या तिघांच्या नावे नवा नोंदणीकृत करार, उरलेल्या १७ महिन्यांसाठी. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे जुन्याच्या जागी नवा करार आला की जुना पाळण्याची गरज उरत नाही. तारखांमध्ये एका दिवसाचीही फट किंवा वरचढ ठेवू नका.

मालक इथे खर्चाचं कारण पुढे करतो. तो खर्च काढून दाखवा. मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीचं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं १७ × ३६,००० = ६,१२,०००. डिपॉझिटवरचं व्याज १७ महिन्यांचं १७,०००. बेरीज ६,२९,०००, तिचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे १,६००. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. दस्त हाताळणी आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी धरून चार-पाच हजारांत काम होतं. जुन्या करारावर भरलेलं शुल्क उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने परत मिळत नाही, ते विसरा. हा खर्च जाणाऱ्याने न कुरकुरता द्यावा. त्याच्या डोक्यावरच्या १,८०,००० च्या टांगत्या मागणीपुढे तो काहीच नाही. मालक फारच अडला तर वर एक महिन्याचा वाटा, म्हणजे १२,०००, देऊन लेखी सुटका घेणं हा व्यवहारी सौदा आहे. त्यापुढे जायची वेळ सहसा येऊ नये.

नव्या करारात नवीन लॉक-इन घुसवलं जातंय का, हे राहणाऱ्या दोघांनी बघावं. त्यांचे सहा-सात महिने आधीच झालेत, परत १२ महिने कशाला? भाडंही "आता नवा करार आहे तर" म्हणून वाढवलं जातं. जुन्याच अटी, उरलेलीच मुदत, हे आधी ईमेलवर ठरवून घ्या.

समाप्तीच्या कागदात या गोष्टी हव्यात, भाषा साधी चालेल: "दिनांक … च्या नोंदणीकृत करारातील (दस्त क्रमांक …) तीन लायसन्सींपैकी … यांनी दिनांक … रोजी ताबा सोडला आहे. त्या तारखेपर्यंतचं भाडं व इतर देणी पूर्ण मिळाली आहेत. त्यानंतरचं भाडं, लॉक-इनची रक्कम, जागेचं नुकसान किंवा ताबा न सोडल्याची भरपाई याबाबत मालकाचा त्यांच्यावर कोणताही हक्क राहणार नाही. राहणारे दोघे लायसन्सी त्यांच्याकडून भाड्याचा वाटा मागण्याचा हक्क सोडत आहेत. डिपॉझिटमधील त्यांची रक्कम रुपये … त्यांना मिळाली असून मालकाकडील १,२०,००० यापुढे … , … आणि … यांच्या नावे समजले जातील."

ताबा न सोडल्याची भरपाई हा शब्द मुद्दाम घातला आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई लागते. तुमचं नाव तसंच राहिलं आणि मागे राहिलेले दीड वर्षाने मुदतीनंतरही तिथेच ठाण मांडून बसले, तर ७२,००० महिन्याची मागणी तीन नावांवर येईल. त्यातलं एक तुमचं.

डिपॉझिट बहुधा मालक परत करत नाही. नवा माणूस ४०,००० थेट जाणाऱ्याला देतो. सोयीचं आहे, पण दोन ठिकाणी फसतं. एक, मालकाच्या नोंदीत पैसे जुन्याच्याच नावे राहतात आणि शेवटी नवा माणूस रिकाम्या हाताने उभा राहतो. वरच्या कागदातलं शेवटचं वाक्य आणि नव्या करारातली "पूर्वीच्या करारातील अनामत वर्ग" ही नोंद यासाठीच. दोन, जुन्याने केलेलं नुकसान नव्याच्या माथी येतं. म्हणून पैसे देण्याआधी घर एकत्र फिरून बघा: भिंतींवरचे खिळे आणि ओल, बाथरूमचे नळ, खिडक्यांच्या जाळ्या, गीझर, मॉड्युलर किचनचे कप्पे, मालकाच्या यादीतले पंखे आणि पडदे. तारखेसह व्हिडिओ काढा आणि जे दिसेल त्याची रक्कम तिथेच ठरवा. "नंतर बघू" म्हटलेलं नंतर कोणी बघत नाही.

रंगकाम हा ठरलेला वादाचा विषय. करारात शेवटी रंगाचा खर्च लायसन्सीचा असं असेल, तर तो आत्ताच मुदतीच्या प्रमाणात वाटा. समजा अंदाज १८,०००, मुदत २४ महिने. सात महिन्यांचा भाग १८,००० × ७ ÷ २४ = ५,२५०, त्यातला एकाचा वाटा १,७५०. जाणाऱ्याच्या ४०,००० मधून तेवढे वजा करून नवा माणूस ३८,२५० देतो आणि त्या खोलीच्या वाट्याचा पुढचा सगळा रंग त्याच्याकडे. तिघांनी मिळून घेतलेलं वॉशिंग मशीन किंवा फ्रिज यांचा हिशेब या रकमेत मिसळू नका. वेगळा ठेवा, नाहीतर आठवडाभर बेरीज जुळत नाही.

विजेच्या बिलाचं चक्र महिन्याच्या मधे पडतं. निघायच्या दिवशी मीटरचा फोटो, मागच्या बिलातलं रीडिंग वजा, उरलेल्या युनिटना मागच्या बिलाचा सरासरी दर लावा आणि तिघांत वाटा. स्लॅबमुळे काही रुपये इकडेतिकडे होतील, होऊ द्या. पाइप गॅसचंही तसंच. स्वयंपाकाच्या मावशींचा चालू महिना पूर्ण द्यावा; त्यांचे दिवस मोजू नयेत.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, शेऱ्यात "डिपॉझिट वाटा" लिहून. शेवटचे महिने भाडं न भरता "डिपॉझिटमधून वळतं करा" हा प्रकार करू नका: सामाईक डिपॉझिट कापलं जातं तेव्हा बाकीच्या दोघांचेही पैसे त्यात असतात, आणि थकबाकीदार म्हणून मालकाला तुमच्याविरुद्ध मुद्दा मिळतो.

एक अपवाद. घरात भांडण मारामारीपर्यंत गेलं असेल किंवा सुरक्षित वाटत नसेल, तर हे कागद नंतर. आधी बाहेर पडा, त्याच दिवशी मालकाला ईमेल करा की अमुक तारखेपासून मी तिथे राहत नाही, आणि मग हिशेबाला बसा. पीजी किंवा को-लिव्हिंगवाल्यांना यातलं बहुतेक लागू नाही; तिथे प्रत्येक खाटेचा करार वेगळा असतो.

गाडीत बसण्याआधी समाप्तीच्या कागदावर चौघांच्या सह्या झालेल्या असाव्यात. नव्या करारावर तुमचा अंगठा लागत नाही, पण जुना संपवायला तुमची सही लागते आणि ती बंगळुरूहून कुरियरने फिरवत बसलं की महिना जातो. भाड्याच्या पावत्या सात महिन्यांच्या घ्या, एचआरएसाठी पुढे लागतात. इंटरनेट, गॅस, मायगेटमधली (सोसायटीच्या गेटवरचं अॅप) तुमच्या नावाची नोंद आणि पार्किंगचं स्टिकर काढून घ्या किंवा नव्याच्या नावे करा. चावी मालकाच्या किंवा त्याने सांगितलेल्या माणसाच्या हाती द्या आणि "आज अमुक वाजता चावी मिळाली" एवढा मेसेज त्याच्याकडून मागून घ्या. ताबा सोडल्याची तारीख पुढे कधी वादात आली तर हाच मेसेज दाखवायचा असतो.